मनकर्णाबाईंचे कान

मनकर्णाबाईंचे कान गेले आहेत, ही बातमी घरात सगळ्यात शेवटी मनकर्णाबाईंनाच कळली.

तिवशाजवळच्या मळ्यात चाळीस वर्षं त्यांनी वांगी, मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या पिकवल्या आणि आठवडी बाजारात बसून विकल्या. नवरा वारला, गुडघे बोलायला लागले, तेव्हा मुलगा शेखर त्यांना अमरावतीला आपल्या नव्या घरी घेऊन आला. शेखर शाळेत गणित शिकवायचा. सून दीपमाला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि नात आचल नववीत. माणसं चांगली, घर हवेशीर, आणि हॉलमध्ये भिंतीतल्या खोल कोनाड्यात हा एवढा मोठा टीव्ही बसवलेला. त्याच्याजवळच्या दिवाणावर बाकीचे बसत आणि मागच्या सोफ्यावर मधोमध मनकर्णाबाई. मालिकेतली बाई डोळे वटारून काहीतरी बोले, आणि त्या विचारत, "काय मने ते?"

आचल सांगे. ती सांगेपर्यंत दुसरी बाई बोलून मोकळी झालेली असे. "आन् हे काय मने?"

असं सहा महिने चाललं. मग घरानं निकाल दिला, की आजीला ऐकू येत नाही. शेखर त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. फारच वाटलं तर मशीन लावून बघा." शेखरनं त्यातलं दुसरं वाक्य तेवढं घरी आणलं. मशीन आलं. ते कानात घालून मनकर्णाबाई स्वयंपाकघरात गेल्या, दीपमालानं कढीला फोडणी दिली, आणि मोहरी आपल्या डोक्यातच तडतडली असं वाटून त्या किंचाळल्या. त्या दिवसापासून मशीन डबीत आणि डबी कपाटात.

त्यांना स्वतःला मात्र कोडं पडलं होतं. दूध वर यायच्या आधीचा बारीक 'सूं' त्यांना हॉलमध्ये बसून ऐकू यायचा. दोन गल्ल्या पलीकडे भाजीवाला "ताजी मेथीऽऽ" ओरडला, की त्या हातातली सुई थांबवून सांगत, "कालची हाय. आवाजात दम नाई त्याच्या." आणि मेथी कालचीच निघे. मग टीव्हीतलं माणूस काय बोलतं तेवढंच कसं कळत नाही? पण चार शिकलेली माणसं म्हणतात, तर असेल तसं. त्यांनी मान्य करून टाकलं. सून त्यांच्याशी इतक्या मोठ्यानं बोलू लागली, की तिनं "आई, चहा ठेवू काऽऽ?" विचारलं की शेजारच्या पार्बताबाई आपल्या ओट्यावरून "ठेवा!" म्हणत.

अशात शेखरला होम थिएटरचं वेड लागलं.

शेखरचं कुठलंही काम वहीशिवाय सुरू होत नसे. त्यानं चौकटीची दोनशे पानी वही घातली. मोबाइलवर रोज व्हिडिओ बघायचे आणि स्पीकरची नावं, मापं, आकृत्या त्या वहीत उतरवायच्या. जेवताना तो समजावून सांगे, "समोर तीन स्पीकर, मांगं दोन, आन् एक मोठा डबा धमक्यासाठी. सिनेमात पानी आलं तर मांगच्या अंगनात पडून राहिलं असं वाटते."

"अंगनात पापड वाळून राहिले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिथं नोको पाडू."

अकोल्याला जठारपेठेत एक दुकान होतं. तिथं वेगळ्या खोलीत बसवून निरनिराळे स्पीकर ऐकवत. मुलगी आरती अकोल्यालाच दिलेली, म्हणून मनकर्णाबाईही गाडीत बसल्या. आधी दुकान, मग लेकीचं घर असं ठरलं. जावई कुलदीपराव थेट दुकानातच येऊन उभे होते. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा त्यांचा धंदा. माणूस मनानं मोकळा आणि आवाजानं त्याहून मोकळा.

"शेखरभाऊ, लहान घेऊन पस्तावू नका," त्यांनी छातीवर पंजा आपटून सांगितलं. "आवाज इथं बसला पायजे. कानाचं काय, कान तर कोनालेबी असतात."

दुकानाचा मालक नितेश तिशीतला, कोरलेल्या दाढीचा. त्यानं सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं, दिवे मंद केले आणि धमाका लावला. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं, उजवीकडे काच फुटली, डावीकडे इमारत कोसळली. कुलदीपराव म्हणाले, "वा! कलेजा हालला." शेखर अंधारातही वहीत लिहीत होता. मनकर्णाबाईंच्या हातात चहाचा कप होता आणि चहावर गोल गोल लाटा उठत होत्या. त्या कप सांभाळत बसल्या.

सगळं कोसळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाबू, यात कोनी बोलत नाई का?"

"बोलतात ना आजी. पन लोकायले धमाकाच आयकाचा असते."

"मले बोलनं आयकव. साधं, घरातल्या मानसाचं."

शेखर ओशाळला. तो नितेशजवळ वाकून हळूच कुजबुजला, "राहू दे गा. तिले कमी आयकू येते." हे मनकर्णाबाईंना पाच हातांवरून स्वच्छ ऐकू आलं. 'हे बरं आयकू आलं,' असं त्यांच्या मनात आलं, पण जावयासमोर त्या काही बोलल्या नाहीत.

नितेशला मात्र गंमत वाटली. त्यानं मोबाइलमधून एक तुकडा शोधला. कुठल्याशा गावची एक म्हातारी कुरड्या कशा करायच्या ते सांगत होती. तोच तुकडा तो तीन वेगवेगळ्या स्पीकरवर लावणार होता. मनकर्णाबाईंनी डोळे मिटले.

पहिला जोड वाजला. "हे बाई बादलीत तोंड घालून बोलून राहिली."

दुसरा जोड वाजला. हे उंच, चकचकीत, शेखरच्या वहीत पहिल्या नंबरावर असलेले. "हिले सर्दी हाय."

तिसरा जोड दिसायला अगदी साधा होता, जाळी लावलेल्या दोन लाकडी पेट्या. तो लागला. मनकर्णाबाई एकदम डोळे उघडून समोरच्या भिंतीला म्हणाल्या, "अवो बाई, तीन दिवसांत कुठं गहू भिजते? थंडीचे चार लागतात चार. मंग निंगते चीक."

नितेश हसत सुटला. "झालं! आजी तिच्यासंगं भांडाले लागल्या. आता दुसरे कायले पाहता?"

शेखरनं वहीची पानं मागंपुढं केली. त्याच्या हिशेबात ते स्पीकर चौथे होते. पण ते चौथे का, हे पानांत कुठं सापडेना. शेवटी तो "बरं" म्हणाला. मग कुलदीपराव पुढे झाले. "बोलन्याचे डबे आईच्या पसंतीचे. आता धमक्याचा डबा माह्या पसंतीचा." त्यांनी दाखवलेला डबा काळा, चौकोनी आणि तीन महिन्यांच्या वासराएवढा होता. नितेशही म्हणाला, की हॉलच्या मानानं मोठा होईल. पण जावयाचा शब्द कोण मोडणार? "घे बाबू," मनकर्णाबाई म्हणाल्या, "कुठंबी बांधून ठेवू त्याले."

पुढच्या रविवारी सकाळी सातला शेखरनं खोकी फोडली.

दीपमालाची एकच अट होती. "हॉलमध्ये एकही वायर दिसली नाही पाहिजे. परवा माझ्या लॅबच्या मैत्रिणी येणार आहेत." त्यामुळे शेखरला वायरी पडद्यामागून, दिवाणाखालून, पालथं पडून ओढाव्या लागल्या. डाव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या पाठीला वायर जोडताना त्याचं निम्मं अंग दिवाणाखाली होतं आणि तोंडात टॉर्च होता.

मग मोजमाप आलं. शाळेतला फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक त्यानं दोन दिवसांसाठी घरी आणला होता. "ऐकणारा मुख्य माणूस मधोमध पाहिजे," तो म्हणाला. मधोमध तर मनकर्णाबाई होत्या. "माय, तू केंद्रबिंदू."

"मंग मी उठू का नोको?"

"उठ, पन परत तिथंच बसजो."

त्यानं त्यांच्या कानाची फरशीपासूनची उंची टेपनं मोजली. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. शेंग घ्यायला वाकल्या की कान चार बोटं खाली जाई आणि शेखर ओरडे, "हालू नोको माय, अंश बदलते!" आचलनं शिवणाच्या रिळाचा दोरा आजीच्या खांद्यापासून प्रत्येक स्पीकरपर्यंत ताणला. लग्नात नवरानवरीभोवती सूत गुंडाळतात तसा सगळा हॉल झाला. दीपमाला चहा घेऊन आली आणि दोऱ्यात अडकली. चहा केंद्रबिंदूपासून तीस अंशांवर सांडला.

त्यानंतर मशीनचं काम. सगळे स्पीकर ज्याला जोडायचे त्या मुख्य मशीनबरोबर एक छोटा माइक आला होता. तो आजीच्या जागी ठेवायचा, मग प्रत्येक स्पीकर 'हूऽप, हूऽप' करणार आणि मशीन आपोआप सगळं मोजून घेणार. अट एवढीच, की घरात टाचणी पडल्याचाही आवाज नको. शेखरनं पंखे बंद केले, फ्रिजची पिन काढली, सगळ्यांना श्वास हळू घ्यायला सांगितला. पहिला हूऽप झाला, दुसरा झाला आणि तिसऱ्याला कुकरनं शिट्टी दिली.

"दीपमाला!"

"वरण शिजवू नको का मग?"

दुसऱ्यांदा आचलला हसू फुटलं. तिसऱ्यांदा सगळं पार पडलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहून आलं, शेखरनं बटण दाबून ते पुढे ढकललं आणि टाळी वाजवली. "जमलं!"

त्यानं एक भजन लावलं. पुढे गाणारा बुवा, मागे ढोलकी आणि टाळ. शेखर डोळे मिटून डोलू लागला. दीपमाला "छान आहे" म्हणाली. मनकर्णाबाई आधी डाव्या स्पीकरकडे आणि मग उजव्याकडे बघू लागल्या.

"काय झालं, आजी?"

"बुवा कुठं हाय मनतो मी. सगळीकडून आवाज येते, पन बुवा नाई. आन् ढोलकी पातय हाय, पान्यासारखी."

ढोलकी पातळ आहे, हे नीट ऐकल्यावर शेखरलाही पटलं. बुवाचं त्यानं सोडून दिलं. ढोलकी पातळ म्हणजे धमक्याचा डबा चुकीच्या जागी, हे त्याला व्हिडिओतून पाठ होतं. त्यावर उपायही पाठ होता. डबा ऐकणाऱ्याच्या जागेवर ठेवायचा, त्यावर एकच जाड सूर लावायचा आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथं तो सूर चांगला ऐकू येईल, ती डब्याची जागा.

मनकर्णाबाईंना उठवून जेवणाच्या टेबलाजवळ खुर्ची दिली. त्यांच्या जागी सोफ्यावर, उशी टेकवून, कुलदीपरावांचा डबा विराजमान झाला आणि 'घूंऽऽ' करू लागला. शेखरनं पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि तो रांगायला लागला. चार पावलं जाई, थांबून कान फरशीजवळ नेई, मान हलवी आणि पुढे जाई.

त्याच वेळी पार्बताबाई वाटी परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. शेखर रांगतोय हे त्यांनी पाहिलं, आणि काय हरवलं असेल हे त्यांना विचारायची गरजच वाटली नाही. बाईमाणसाच्या घरात फरशीवर शोधायची एकच वस्तू असते, कानातलं. त्यांनी वाटी तिपाईवर ठेवली, पदर खोचला आणि त्याही खाली बसून शोधू लागल्या. त्यांनी दिवाणाखालून आचलचा कर्कटक काढला, पेनाचं टोपण काढलं, केसांच्या दोन पिना काढल्या. मनकर्णाबाईंना वाटलं, शेखरनंच मदतीला बोलावलं असेल. शेखरनं डोळे मिटले होते. दहा मिनिटांनी टीव्हीखाली दोघांची डोकी आपटली.

"सोन्याचं होतं का गा?" पार्बताबाईंनी कपाळ चोळत विचारलं.

"काय?"

"हारपलं ते."

"काही हारपलं नाई काकू. आवाज शोधून राहिलो."

पार्बताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, सोफ्यावर उशीला टेकून घूं करणाऱ्या डब्याकडे पाहिलं, आणि मनकर्णाबाईंकडे वळून हळूच विचारलं, "कवापासून?"

"सकायपासून."

"डॉक्टरले दाखवलं?"

शेखरनं फरशीवर बसूनच त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांना ते कितपत पटलं कोण जाणे, पण त्या जायला मात्र तयार नव्हत्या. अकरा वाजत आले. शेखरला आता सगळीकडे सारखंच घूं ऐकू येत होतं. तो बाहेर जाऊन आला तरी ते डोक्यात चालूच होतं.

"मले खाली बसवा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"तुले? माय, तुह्ये गुडघे..."

"मी कुठं रांगून राहिलो? सतरंजी टाका, तिच्यावर बसवा, आन् वढा."

हे आचलला एकदम पसंत पडलं. सतरंजी आली. पार्बताबाईंनी एका बाजूनं धरलं, शेखरनं दुसऱ्या, आणि मनकर्णाबाई मांडी घालून तिच्यावर बसल्या. आचलनं दोन टोकं हातात घेतली. गुळगुळीत फरशीवरून सतरंजी सुर्रकन निघाली. मागून पार्बताबाई वाकून आधार देत होत्या आणि मनकर्णाबाई डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून हुकूम देत होत्या.

"इथं गचगच हाय. चाल पुढं. इथं काईच नाई, जसं घरात कोनी नाई. चाल. हळू वो पोट्टे, भितीवर नेतं का मले? थांब... थांब! मांगं घे. अजून एक टीच. हां."

"काय आजी?"

"इथं घुमत नाई. चोख हाय."

शेखर त्यांच्या बाजूला आडवा झाला आणि कान फरशीशी नेला. त्याचे डोळे मोठे झाले. "खरंच की!" मग त्यानं वर पाहिलं. ते सगळे त्याच्या चालायच्या मशीनच्या पायथ्याशी होते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहानं आणलेल्या त्या मशीनवर शेखर एकूण नऊ दिवस चालला होता. सध्या तिच्यावर आचलचा गणवेश आणि चार टॉवेल वाळत होते.

"बाजूले ठेवू थोडं," तो म्हणाला. "एक हात इकडं तिकडं चालते."

स्वयंपाकघराच्या दारातून दीपमाला बाहेर आली. हातात लाटणं होतं. "अजिबात नाही. शास्त्र आहे ते. आईंनी जागा सांगितली म्हणजे तीच जागा." सकाळपासून तिनं या प्रकरणात पहिल्यांदाच रस घेतला होता. पाच मिनिटांत चालायचं मशीन मागच्या गॅलरीत गेलं. त्याचं एक टोक तिनं स्वतः उचललं.

डबा जागेवर बसला. मनकर्णाबाई सोफ्यावर आल्या. शेखरनं पुन्हा भजन लावलं. खालून आता छान भरीव आधार आला होता. सगळे मनकर्णाबाईंच्या तोंडाकडे पाहत होते.

"जावयाचा डबा बरोबर झाला," त्या म्हणाल्या. "पन बुवा नाईच आला. समोरचे दोघं भांडून राहिले."

सकाळी सातपासून उपाशी असलेल्या शेखरचा आता तोल गेला. "माय, मशीननं सगळं मोजलं. माइक लावून मोजलं. तुले आयकू तरी कुठं येते..."

तो मध्येच थांबला. बुवा गातच होता. आचल सतरंजीची घडी घालत होती, ती तशीच राहिली. पार्बताबाई उगाचच वाटीकडे बघू लागल्या.

मनकर्णाबाईंना वाईट वाटलं. दोन वर्षं त्यांनी हे ऐकून घेतलं होतं, मान्यही केलं होतं. पण आज त्यांना राग आला, आणि राग आल्यावर त्यांचा आवाज खाली उतरत असे. "मले जे आयकू येते तेच सांगून राहिलो," त्या शांतपणे म्हणाल्या. सोफ्याचा दांडा धरून त्या उठल्या, डाव्या स्पीकरपुढे जाऊन उभ्या राहिल्या, मग उजव्यापुढे. "एक पुढं ढकलते तवा दुसरा मांगं ओढते. जात्यावर दोघी बसल्या आन् एकीनं उलटं फिरवलं, तर पीठ पडन का? तसं होऊन राहिलं हे."

आचल टॉर्च घेऊन दिवाणाखाली शिरली. बराच वेळ तिचे पाय तेवढे दिसत होते. मग खालून आवाज आला, "बाबा, उजव्या स्पीकरला लाल वायर लालमध्ये आहे ना?"

"हो."

"इथं लाल वायर काळ्यात आहे."

"बघू," म्हणत शेखरही खाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कानाला जाळं लागलेलं होतं. आचलनं तोवर पुस्तिका उघडली होती. "बाबा, मशीननं सकाळीच इंग्रजीत लिहून दिलं होतं, डावीकडची वायर तपासा म्हणून. तुम्ही पुढे जा दाबलं."

"व्हिडिओत सांगितलं होतं," शेखर पुटपुटला. "तिकडं लक्ष देऊ नका मनून."

वायरी बदलल्या. भजन पुन्हा सुरू झालं, आणि बुवा आला. दोन स्पीकरच्या बरोबर मधे, टीव्हीपुढच्या रिकाम्या जागेत तो जणू मांडी घालून बसला. ढोलकी त्याच्या डाव्या हाताला होती आणि टाळ मागे. पार्बताबाईंनी खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला.

मनकर्णाबाईंनी पूर्ण भजन ऐकलं. संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता कसं."

जेवणं झाली. पार्बताबाईही जेवूनच गेल्या. दुपारी शेखर एकटाच हॉलमध्ये घुटमळत होता. मनकर्णाबाई दिवाणावर आडव्या झाल्या होत्या, पण जाग्या होत्या. त्यानं नवं सगळं बंद केलं आणि पूर्वीसारखा नुसता टीव्ही लावला. मग या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा तो आईच्या जागेवर, मागच्या सोफ्यावर मधोमध जाऊन बसला. मालिकेचा जुना भाग चालू होता. बाई डोळे वटारून काहीतरी बोलली.

शेखर पुढे वाकला. मग अजून वाकला. "काय म्हणाली ती?"

"बाबा," आचल पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "तुम्हालाही मशीन आणायचं का?"

तो उठला आणि कोनाड्यात हात घालून टीव्हीची पाठ चाचपू लागला. टीव्हीचे स्वतःचे दोन्ही स्पीकर मागच्या अंगाला होते आणि त्यांच्यापुढे चार बोटांवर भिंत होती. इतके दिवस ती बाई भिंतीशी बोलत होती. हा कोनाडा गवंड्याकडून त्यानंच मोजून करून घेतला होता. 

"माय," त्यानं पाठमोऱ्यानंच, अगदी हळू विचारलं, "चहा घेतं का?"

"घेतो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अर्धा."

चहा शेखरनं स्वतः केला. साखर घालायची विसरला, तरी त्यांनी कप रिकामा केला.

संध्याकाळी मालिका लागली. मधल्या स्पीकरमधून शब्द न् शब्द मोकळा येत होता. मनकर्णाबाईंनी एकदाही कुणाला काही विचारलं नाही. पहिल्यांदाच सबंध भाग ऐकून झाल्यावर त्या आचलला म्हणाल्या, "हे बाई दोन वर्षांपासून एकच गोष्ट सांगून राहिली का वो?"

"हो, आजी."

"मंग तुमी काहून पाहता?" आणि त्यांनी त्याऐवजी भजन लावायला सांगितलं.

पार्बताबाईंनी मात्र ती सतरंजी अख्ख्या कॉलनीत फिरवली. मनकर्णाबाई डोळे मिटून बसतात आणि आवाजातलं दुखणं सांगतात, असं सोमवारपर्यंत मागच्या गल्लीत पोचलं. बुधवारी सकाळी फाटकापाशी देवमनराव आले. निवृत्त पोस्टमास्तर, शिस्तीचे. स्कूटर हातानं ढकलत आणली होती.

"बाई, हिच्यात खडखड होते," ते म्हणाले. "दोन मेस्त्री झाले. कोनाले सापडून नाई राहिली. तुमी जरा आयकता का?"

मनकर्णाबाईंना हसू आलं, पण माणूस चालत आला होता. त्या पायरीवर बसल्या. "चालू करा."

स्कूटर सुरू झाली. त्यांनी डोळे मिटले. देवमनरावांनी त्यांच्या सांगण्यावरून गाडी गल्लीतल्या खड्ड्यावरून दोनदा नेली आणि आणली. दीपमाला लॅबला निघाली होती, तीही खांद्याला पर्स लावून थांबली.

"इंजनात काई नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "शीट उचला."

शीट उचललं. खाली एक स्टीलचा चमचा होता, टिफिनमधला.

देवमनरावांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा तर आमच्या घरी चार महिने झाले शोधून राहिले," ते म्हणाले. चमचा वरच्या खिशात नीट उभा ठेवून त्यांनी स्कूटरला किक मारली आणि ते जराही खडखड न होता गल्लीच्या वळणावरून दिसेनासे झाले.